न पाहिलेला उतारा

बारावी कला, पूर्वपरीक्षा, इंग्रजी.
त्रेसष्ट पेपर, सुतळीनं बांधलेले.
विट्याच्या स्टँडवर गाडीत चढवताना
कंडक्टर म्हणाला, मास्तर, याचं अर्धं तिकीट काढू का?

उतारा मीच निवडलेला.
समुद्र, खडक, दीपगृहावरचा एक म्हातारा,
रोज संध्याकाळी जिना चढून दिवा लावणारा,
आणि तीस वर्षं त्या बाजूला जहाज म्हणून नाही.
वर्गातल्या निम्म्यांनी समुद्र पाहिला तो
गणपतीपुळ्याच्या सहलीत, पाऊण तास.
उरलेल्यांना पाणी म्हटलं की टेंभूचा कालवा,
तोही सुटला तर.

चौथा प्रश्न दोन गुणांचा:
जहाज येत नसताना तो दिवा का लावतो?
उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नाही.
आकलन तपासायचं तर असा एक प्रश्न हवाच,
हे सांगलीच्या शिबिरात आम्हाला
चहा-बिस्किटांबरोबर सांगितलं होतं.
नमुना उत्तर: कर्तव्य, एक गुण. सवय, एक गुण.

चाळीस जणांनी तिसऱ्या ओळीतलं वाक्य
जसंच्या तसं उचललं, स्वल्पविरामासकट,
वळणदार अक्षर, एक चूक नाही:
म्हातारा रोज जिना चढतो.
मी विचारलं होतं का.
त्यांनी सांगितलं कुठून.
तरी चूक नाही म्हणून एकेक गुण देत गेलो.
सुशांत माळवदेनं लिहिलं, बिकॉज सॅलरी.
हसलो. अर्धा दिला.
खरं तर तो उतारा वाचून विचार करणारा पहिलाच.

मग एकावन्नावा पेपर.
स्वरांजली देवकर, राहणार लेंगरे.
क्रियापदं वाटेल तिथं बसलेली,
पंगतीत पोरं बसतात तशी.
लॅम्प इज नॉट फॉर शिप केम.
लॅम्प इज फॉर शिप नॉट केम.
एवढंच. खाली दोन रेघा रिकाम्या.

पेन खाली ठेवलं.
थोड्या वेळानं उचललं, अजून बारा पेपर होते.
कर्तव्य नाही. सवय नाही.
धड एक वाक्य नाही.
उतारा पुन्हा काढला, मीच टाइप केलेला,
आणि पहिल्यांदा सावकाश वाचला.
निवडताना मी त्यातले शब्द मोजले होते फक्त,
किती असावेत याचा नियम असतो.

दीड गुण.
अर्धा व्याकरणाचा कापला.

पेपर वाटले त्या दिवशी ती टेबलाशी आली.
भांडायला नाही. वहीचा कोपरा दुमडत
म्हणाली, सर, अर्धा कुठं गेला?
म्हटलं, व्याकरणात.
मान हलवली तिनं, पटल्यासारखी,
पण गेली नाही.
काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, वडील काय करतात?
गलाईला, सेलमला. अकरा वर्षं.
यात्रेला येतात, आले तर.
सोनं खरं की खोटं कसं ओळखतात गं?
दगडावर घासून, सर. पण दगड वरचंच सांगतो.
आतलं कळायला आटवावं लागतं.
आणि आटवलं की घट येते थोडी.
ती कुणाच्या नावावर टाकायची
हे पप्पा गिऱ्हाइकाशी आधीच बोलून घेतात.
नाहीतर मग भांडणं.

घंटा झाली. तिला इतिहासाचा तास होता.

स्टाफरूममध्ये गुणतक्ता भरला.
अपूर्णांक चालत नाही, म्हणून बेरजेत
तिचा अर्धा वर ढकलला गेला आपोआप,
म्हणजे कागदावर कुणाचंच काही गेलं नाही.
पंखा फिरत होता, चॉकची भुकटी उडत होती,
गोंधळे मॅडम विचारत होत्या, झालं का तुमचं?

झालं म्हटलं.
आम्ही आधी काहीच बोलून घेतलं नव्हतं.